आपा चपला सांभाळत बसली

(भोकर येथे बचत गटांतील महिलांसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरात, सहलीच्या पूर्वतयारीच्या निमित्ताने केलेले भाषण. बोलण्यातील भाषा तशीच ठेवली आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं विषय छापलाय, ‘प्रार्थनास्थळाला भेट देताना घ्यायची काळजी’. वाचून मलाच हसू आलं. काळजी घ्यायला तो काय गॅसचा सिलिंडर आहे! पण विषय का ठेवला, हे इथल्या निम्म्याजणींना माहीत आहे. पुढच्या महिन्यात आपण खुलताबादला चाललोय. आणि दोन वर्षांपूर्वीच्या सहलीत जे घडलं ते तेव्हा आलेल्या चौदाजणींपैकी कुणीच विसरलेली नाही. त्या दिवसाबद्दल आपण आपापसात कुजबुजलो, पण समोरासमोर बसून कधी बोललो नाही. आज बोलू. आपासुद्धा इथेच बसली आहे, आणि तिची परवानगी घेऊनच मी बोलते आहे.

आधी नवीन आलेल्यांसाठी थोडं. बऱ्याचजणींनी मला विचारलं, “ताई, मशिदीत जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आपल्याला तर काहीच माहीत नाही.” मला वाटतं, तुम्हाला बरंच माहीत आहे. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात आपण सगळ्या जातो. दारात चपला ठेवतो, पाय धुतो, डोक्यावर पदर घेतो, लंगरला मांडी घालून बसतो. कुणी शिकवलं होतं का? पुढची बाई करते ते बघून आपण केलं. मशिदीतही तेच. डोकं झाकायचं, अंग झाकणारे कपडे घालायचे, चपला बाहेर काढायच्या. हौदावर लोक वजू करतात, म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात. तिथं आपण चूळ भरत बसायचं नाही. नमाज चालू असेल तर बाहेर थांबायचं आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून आडवं जायचं नाही. शुक्रवारी दुपारी तर जायचंच नाही, त्या वेळी गर्दी असते आणि ती वेळ त्यांची आहे. रेहलवर ठेवलेलं कुराण चाळून बघायचं नाही. फोटो काढायचा तर भिंतीचा काढा, माणसांचा नको; आणि आधी विचारा.

एकीनं चिठ्ठीवर लिहून विचारलंय, “पाळी आली असेल तर?” नाव लिहिलेलं नाही, तेही बरोबरच. मुसलमान बायका त्या दिवसांत नमाज पढत नाहीत आणि मशिदीत थांबत नाहीत, असा रिवाज आहे. आपल्याकडंही काय वेगळं आहे? पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला हे कुणी विचारत नाही. माझं मत म्हणाल तर, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण होऊन देऊ नये.

झालं. काळजी एवढीच. पाच मिनिटांत संपली. आता खरी गोष्ट.

आपाला तुम्ही सगळ्या ओळखता. ब्लाऊज शिवते, गटाचा हिशेब ठेवते, तिच्या वहीत आजवर एका रुपयाची चूक सापडलेली नाही. तिचं घर मशिदीला लागून आहे, मधे एकच भिंत. पहाटेच्या अजानला ती उठते ती रात्री इशाच्या अजाननंतरच आडवी होते. रमजानमध्ये इफ्तारीची थाळी तिच्या घरून जाते. मशिदीतल्या चटया आणि जानमाज धुवायला तिच्याच अंगणात येतात. लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली. या सत्तावीस वर्षांत ती त्या मशिदीच्या आत एकदाही गेलेली नव्हती.

हे मला माहीत नव्हतं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, दहा वर्षं या तालुक्यात काम केलं, तिच्या घरी शेकडो वेळा चहा प्याले, पण हा प्रश्न मला कधी सुचलाच नाही.

तर त्या सहलीत आपण एका जुन्या गावात उतरलो. गावाचं नाव मी घेणार नाही, तिथल्या माणसांवर राग काढायचा नाहीये. मशीद सुंदर होती, काळ्या दगडाची, कमानींवर नक्षी. दारात एक म्हातारे चाचा होते. आपण नमस्कार केला, कुठून आलो ते सांगितलं. त्यांना आनंद झाला. “आओ आओ, बेटी लोग, देखो, तुमारीच मशीद है,” म्हणाले. आपण पदर घेतले, चपला काढल्या. आपा सगळ्यांच्या मागे होती. तिचा बुरखा बघून ते थांबले. आवाज अगदी हळू केला त्यांनी. म्हणाले, “बाई, तुमे नक्को. ये लोगां तो मेहमान है. तुमकू अंदर देखे तो लोगां मेरेकू पूछतेत.”

मैत्रिणींनो, त्या क्षणी आपण तेराजणी काय केलं? एकीनंही तोंड उघडलं नाही. आपाच म्हणाली, “हौ चाचा, मैं बैठती ना यहीं. चपलां देखती.” आणि ती पायरीवर बसली. आपण आत गेलो. मी तर मिहराबचा फोटोही काढला. मिहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. चांगला आलाय. मला तो बघवत नाही.

बाहेर आल्यावर आपल्यातली एक कार्यकर्ती भडकली. ती म्हणाली, दारातच बसू, घोषणा देऊ, हा सरळ सरळ अन्याय आहे. तेव्हा आपा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “तुमे गाडीत बसून निघून जाल. मेरी बात भोकरकू मेरेसे पहले पोचती.” त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. गाडीत सगळ्या गप्प. कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा काढल्या, त्याही तशाच राहिल्या.

आता मी जरा लांबची गोष्ट सांगते, पण तिचा संबंध आहे. मागच्या वर्षी मी मावसभावाकडं जर्मनीला गेले होते. येताना इस्तंबूलला विमान बदलायचं होतं, तिथं दोन दिवस राहिले. जाण्याआधी आपानं मला एकच काम सांगितलं होतं. ती मोबाइलवर एर्तुग्रुलची मालिका बघायची. तुम्हीही काहीजणी बघायच्या, मला माहीत आहे. एर्तुग्रुल म्हणजे उस्मानचा बाप. त्या उस्मानच्या घराण्यानं सहाशे वर्षं तुर्कस्तानात राज्य केलं. आपा म्हणाली, “ताई, एर्तुग्रुलके मुल्कमें औरतां मशिदीत जातेत का, तेवढं बघून ये.”

म्हणून मी सुलेमानिया मशिदीत गेले. १५५० ते १५५७ या सात वर्षांत ती बांधली. सुलतान सुलेमान बांधवणारा आणि सिनान नावाचा वास्तुकार. घुमट आतून त्रेपन्न मीटर उंच. आपल्या मोंढ्यातलं सगळ्यात उंच गोदाम एकावर एक किती रचावं लागेल, याचा हिशेब मी करत बसले होते. दारात माझ्यासारख्यांसाठी ओढण्या ठेवलेल्या. माझी ओढणी सारखी घसरत होती. तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला जवळ बोलावलं, हनुवटीखाली पिन लावून दिली आणि गालाला हात लावून विचारलं, “हिंदिस्तान?” मी मान डोलावली. पुढं तिचं मला कळेना, माझं तिला कळेना. तरी तुर्कांचे बरेच शब्द आपलेच आहेत बरं का. साबण, दुकान, हवा, मैदान, सगळं तसंच. तोफ हा शब्द तर त्यांच्याकडूनच आपल्याकडं आला.

आत गेले. पायाखाली लाल गालिचा. पाहुण्यांसाठी एक कठडा घातलेला, त्याच्या अलीकडं आपण उभं राहायचं. नमाजाची वेळ जवळ आली की पाहुण्यांना बाहेर जायला सांगतात, कुणी कुरकुर करत नाही. मला ते आवडलं. देवाच्या घरात घरच्यांचा हक्क आधी, बघ्यांचा नंतर. आपल्याकडं काही मोठ्या देवस्थानांत पैसे भरून पुढं घुसणाऱ्यांची रांग वेगळी असते, त्यापेक्षा हे बरं.

पण आपाचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून मी बायका शोधत होते. होत्या. आपा, बायका जातात तिथं मशिदीत. रोज जातात, कुणी अडवत नाही. मात्र मधल्या मोठ्या घुमटाखाली पुरुष, आणि बायकांची जागा मागं, कडेला, लाकडी जाळीच्या आड. मी कठड्यापाशी उभी राहून अख्खा घुमट बघत होते. जाळीच्या मागं बसलेल्या त्या गावच्या बाईला तो किती दिसत असेल? परक्या देशातून, परक्या धर्मातून आलेल्या मला जास्त दिसत होतं. तेव्हा मला पायरीवर बसलेली आपा आठवली. हजारो मैल, म्हणजे किती ते मी मोजलेलं नाही, पण खूप लांब जाऊन मी पुन्हा त्याच पायरीपाशी आले होते.

आणि गंमत ऐका. त्या शहरातल्या किती मशिदी बायकांनी बांधवल्यात! सुलेमानची मुलगी मिहरिमाह. तिच्या नावाच्या दोन मशिदी आहेत, दोन्ही सिनाननंच बांधलेल्या. उस्कुदारची १५४८ साली पुरी झाली. सुलतानाची आई नूरबानू, तिची मशीद त्याच बाजूच्या टेकडीवर. बंदराजवळची ‘नवी मशीद’ १५९७ साली सफिये नावाच्या राजमातेनं सुरू केली. मुलगा मेला, तिची सत्ता गेली, काम साठेक वर्षं अर्धवट पडून राहिलं. पुढं तुर्हान नावाच्या दुसऱ्या राजमातेनं ते हाती घेतलं आणि १६६५ साली पुरं केलं. एका बाईनं टाकलेला पाया, दुसरीनं चढवलेला घुमट. शेजारी मसाल्यांचा मोठा बाजार आहे. त्याच्या गाळ्यांचं भाडं मशिदीच्या खर्चाला जायचं. म्हणजे देणगी देऊन मोकळं व्हायचं नाही, पुढं दिवाबत्तीचा खर्च कुठून निघेल त्याची सोयही करून ठेवायची. आपल्या गटाच्या बायकांना हे लगेच कळेल.

सुलेमानची बायको हुर्रेम. ती मूळची पळवून आणून विकलेली मुलगी, गुलाम. तिनं जेरुसलेममध्ये १५५२ साली गरिबांसाठी अन्नछत्र उभारलं. आणि हे काही राजघराण्यापुरतंच नव्हतं. इस्तंबूलच्या वक्फांची १५४६ सालची एक नोंदवही आहे, तीत अडीच हजारांच्या आसपास वक्फ आहेत. वक्फ म्हणजे देवाच्या नावानं कायमची दिलेली मिळकत. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त बायकांनी केलेले आहेत. साध्यासुध्या बायका, कुणी एखादं घर दिलेलं, कुणी थोडी रक्कम. त्यांच्या नावावर मिळकत होती म्हणून तर देता आली! आज आपल्या भोकर तालुक्यात सातबाऱ्यावर किती बायकांची नावं आहेत, हे तुम्हीच मनातल्या मनात मोजा.

तर पैसा बाईचा, मशिदीवर नाव बाईचं, आणि बसायची जागा जाळीमागं. हे फक्त तुर्कस्तानातच आहे असं नाही, आणि फक्त मुसलमानांतच आहे असंही नाही. माझ्या माहेरच्या गावी मारुतीच्या पारावर बायका चढत नाहीत. पार सारवायला मात्र बायकाच. सारवताना चढलेलं मारुतीला चालतं, हा काय चमत्कार आहे, मला लहानपणापासून कळलेलं नाही. आजीला विचारलं तर ती म्हणायची, “शेणाचा हात असला की बाई नसते.”

महाराष्ट्रात या प्रश्नावर लढाया झाल्या आहेत, त्या आपल्याला माहीत हव्यात. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नव्हते. विद्याताई बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयानं सांगितलं, जिथं पुरुष जाऊ शकतो तिथं बाईला अडवता येणार नाही. त्यासाठी १९५६ सालचा कायदा आधीपासून होता, साठ वर्षं धूळ खात. आठवड्याभरानं, गुढीपाडव्याला, चौथरा उघडला. विद्याताई तर स्वतः देवदेव करणाऱ्या नव्हत्या. मला देवळात जायचं नाही, पण जिला जायचंय तिला अडवू नका, हा मुद्दा होता.

त्याच वर्षी हाजी अली. मुंबईला समुद्रातला दर्गा, आपल्यातल्या कितीजणी जाऊन आल्यात. पूर्वी बायका आत मजारीपर्यंत जात. मग कधीतरी ट्रस्टनं बंदी घातली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या झकिया सोमण आणि नूरजहाँ सफिया नियाज न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी उच्च न्यायालयानं बंदी उठवली. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण तिथं त्यांनी स्वतःच कबूल केलं की बायकांना जाऊ देऊ. २९ नोव्हेंबर २०१६ ला बायका आत गेल्या. हे बाहेरच्या कुणी येऊन केलेलं नाही, मुसलमान बायकांनी केलं. जळगावच्या रझिया पटेलनं १९८२ साली मुसलमान बायकांवरच्या सिनेमाबंदीविरुद्ध लढा दिला, तेव्हाही तो आतूनच उभा राहिला होता. ती तेव्हा किती लहान होती!

आणि मशिदीचं म्हणाल तर पुण्याच्या एका जोडप्यानं, यास्मिन आणि झुबेर पीरजादे यांनी, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की बायकांना मशिदीत नमाज पढू द्यावा. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २०२० साली लेखी उत्तर दिलं. काय म्हणाले? की बाईला मशिदीत जायला धर्माची मनाई नाही. तिच्यावर सक्ती नाही, पण मनाईही नाही. आपा, हे मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी परत येऊन वाचलं.

आता कुणी म्हणेल, मग भांडायचं का नाही? पाहुण्यासारखं वागा, गप्प राहा, मान खाली घाला, असं सांगता आणि वर न्यायालयाच्या गोष्टी सांगता! मला स्वतःला हा प्रश्न दोन वर्षं छळतोय, आणि माझं उत्तर अजून कच्चं आहे. पण आज जे वाटतं ते सांगते.

पाहुणी म्हणून गेलेल्या बाईनं घराच्या भांडणात पडू नये. गाव आपलं नाही, मोहल्ला आपला नाही, आपण तासाभरात निघणार. त्यात सध्याचे दिवस असे आहेत की मशिदीच्या दारात कपाळाला कुंकू लावलेल्या बायकांनी घोषणा दिल्या, तर त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत कुठं पोचेल आणि त्याखाली काय लिहिलेलं असेल, हे सांगता येत नाही. मुसलमान बाईच्या हक्कांचा पुळका अचानक आलेले पुष्कळ लोक हल्ली भेटतात. त्यांना आपा ब्लाऊज किती रुपयांत शिवते हे माहीत नसतं. आपल्याला त्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही. म्हणून त्या दिवशी आपण घोषणा दिल्या नाहीत हे बरोबरच झालं, आणि ते आपानंच ठरवलं हे त्याहून बरोबर.

चूक झाली ती पुढं. आपण आत गेलो. चाचांनी आपल्याला जे दिलं ते आपाला नाकारून दिलेलं होतं, आणि आपण ते घेतलं. मेहमान म्हणून मिळालेला मान आपल्याला गोड लागला. ती पायरीवर बसलीये आणि मी आत कमानी मोजते आहे, हा कुठला आदर? मशिदीचा आदर झाला, चाचांचा झाला. सोबतिणीचा राहून गेला. त्या वेळी शांतपणे एवढंच म्हणता आलं असतं, “चाचा, मग आम्हीही इथेच बसतो, पाणी द्या.” त्यात घोषणा नाही, अपमान नाही. आपण चौदाजणी पायरीवर बसलो असतो, तर चाचांनाही काहीतरी समजलं असतं. चाचा वाईट माणूस नव्हता. त्याला घाबरवणारे ‘लोगां’ वेगळे.

सहलीनंतर आपानं काय केलं, हे तुमच्यापैकी कितीजणींना माहीत आहे? तिनं दिराकरवी मोहल्ल्यातल्या मशीद कमिटीच्या सदरसाहेबांना विचारलं, बायकांसाठी जागा करता येईल का. निदान रमजानमध्ये तरावीहला. उत्तर आलं, “जागा नहीं है.” आपा शिवणकाम करणारी बाई, टेप गळ्यातच असतो. चटया धुवून परत न्यायच्या निमित्तानं तिनं पोराला आत पाठवलं आणि वजूच्या जागेशेजारची कोठी मोजून आणली. नऊ बाय बारा. तुटक्या खुर्च्या आणि जुने पंखे ठेवलेत तिथं. हा आकडा तिनं चिठ्ठीवर लिहून पुन्हा पाठवला. त्याला आठ महिने झाले. “सोचेंगे” असं उत्तर आहे. नाही म्हणालेले नाहीत. (आपा, हसू नको, मी सगळं सांगणार आहे.) तिच्यासोबत आता मोहल्ल्यातल्या अकराजणी आहेत. आपण त्यात पडायचं नाही, तिनं हाक मारली तरच जायचं.

आता खुलताबाद. तिथं आपण काय बघणार, ते थोडक्यात सांगते, कारण गाइड तुम्हाला औरंगजेबाच्या कबरीशिवाय दुसरं काही सांगणार नाही. त्या कबरीवरून इतकी भांडणं झालीत की गावात बाकी काय आहे ते कुणी बघतच नाही. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे आहेत, चौदाव्या शतकातले. मलिक अंबरची कबर आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, निजामशाहीचा कारभारी झाला. गावातच भद्रा मारुती आहे, झोपलेला. सगळं पायी फिरण्यासारखं.

आणि गावाबाहेर एक कबर आहे, रिकामी. ती मला तुम्हाला मुद्दाम दाखवायची आहे. तुर्कस्तानचा शेवटचा खलिफा अब्दुल मजीद. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्ताननं खिलाफत बंद केली, त्याला देशाबाहेर काढलं. तो फ्रान्समध्ये राहिला. त्याची एकुलती एक मुलगी दुर्रुशेवार. १९३१ साली फ्रान्समधल्या नीस गावी तिचं लग्न आपल्या निजामाच्या थोरल्या मुलाशी झालं. आपल्या निजामाच्या, म्हणते मी. कारण तेव्हा भोकर, नांदेड, औरंगाबाद सगळं हैदराबाद संस्थानातच होतं. म्हणजे इस्तंबूलच्या राजवाड्यात जन्मलेली ती मुलगी आपल्या आज्यांची राजसून होती. खलिफा १९४४ साली पॅरिसमध्ये वारला. त्याच्यासाठी निजामानं खुलताबादजवळ कबरीची इमारत बांधवली होती. पण तो इथं आलाच नाही. तुर्कस्ताननंही त्याला पुरायला जागा दिली नाही. जवळजवळ दहा वर्षं त्याचं शव पॅरिसच्या मशिदीत होतं, शेवटी १९५४ साली मदिनेत दफन झालं. आणि इथं, मराठवाड्याच्या माळावर, त्याची इमारत तशीच उभी आहे.

दुर्रुशेवार हैदराबादला पडद्याशिवाय वावरायची. मुलींच्या शिक्षणासाठी, दवाखान्यांसाठी काम केलं तिनं. तिच्यासोबतच तिची नात्यातली बहीण निलोफर धाकट्या मुलाची बायको होऊन आली. निलोफर हे नाव तुम्हाला कसं माहीत? आपल्याकडं मूल हाताबाहेर गेलं की नांदेडचे डॉक्टर सांगतात, हैदराबादला ‘निलोफर’ला न्या. तेच ते नाव. तिची एक दासी बाळंतपणात दगावली. त्याचं तिनं मनाला लावून घेतलं, आणि त्यातून १९५३ साली बायका-मुलांसाठी तो दवाखाना सुरू झाला. तुर्कांच्या राजकन्येचं नाव भोकरच्या बायका गेली सत्तर वर्षं लेकराला पोटाशी धरून घेताहेत, आणि ती कोण हे आपल्याला ठाऊक नाही.

खुलताबादच्या दर्ग्यांत आणि मशिदींत आपल्याला कुठपर्यंत जाता येईल, ते तिथं गेल्यावरच कळेल. काही ठिकाणी बायकांना मजारीपाशी जाऊ देत नाहीत. म्हणून मागच्या बैठकीत ठरलं ते पुन्हा सांगते. दारात आधी मी किंवा सरपंचबाई जाऊन विचारणार, “आम्ही सगळ्या आत येऊ शकतो का?” सगळ्या, हा शब्द मोठ्यानं. हो म्हणाले तर सगळ्या जाऊ. नाही म्हणाले तर सगळ्या अंगणात बसू, डबे सोडू, पाणी पिऊ, सलाम करून निघू. वाद नाही, टोमणे नाहीत, रडणं नाही. चपला सांभाळायला कुणी बसणार नाही. पिशवी आणा, आपापल्या चपला आपण धरू. आपाचं म्हणणं आहे की तिच्यामुळं बाकीच्यांचं बघणं बुडू नये. तिला मी सांगितलंय की तिचं मत एक, आमची तेवीस.

वर्गणी अजून सहाजणींची यायची आहे, ती सोमवारपर्यंत आपाकडं द्या. ओढणी किंवा मोठा रुमाल प्रत्येकीनं आणायचा, आणि चार सेफ्टी पिना. माझी तिकडं घसरत होती ते सांगितलंच. गाडी पहाटे चारला बसस्टँडवरून निघेल. साडेचारची वाट बघू नका.